'हॅम्लेट'मधील वेडाचे प्रवेश : अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आजच्या बैठकीत कामाची व्याप्ती ठरली. शेक्सपिअरचे संपूर्ण 'हॅम्लेट' उभे करण्याइतकी माणसे आमच्या गटाकडे नाहीत आणि पैसाही नाही. त्यामुळे ज्या प्रवेशांत वेड प्रत्यक्ष रंगमंचावर येते किंवा कुणाच्या तरी तोंडून वर्णिले जाते, तेवढेच निवडून सुमारे ५० मिनिटांचे अभिवाचन करायचे आहे. या प्रवेशांची मराठी संहिता नव्याने तयार करणे आणि वाचणाऱ्या नटांसाठी टिपणे काढणे ही जबाबदारी माझ्याकडे आली. दिग्दर्शकांची मूळ कल्पना अशी की राजपुत्र हॅम्लेटचे खोटे वेड आणि त्याची प्रेयसी ऑफेलिया हिचे खरे वेड समोरासमोर ठेवावे, म्हणजे प्रेक्षकाला दोन्हींतला फरक आपोआप दिसेल. ही मांडणी आपण सगळ्यांनी कॉलेजात पाठ केलेली असल्यामुळे कुणीच हरकत घेतली नाही, आणि मीही घेतली नाही.

७ जून

संहितेसाठी कोणता पाठ धरायचा, हा पहिला प्रश्न. 'हॅम्लेट'च्या तीन जुन्या छापील प्रती आहेत : १६०३ चा पहिला क्वार्टो (लहान आकाराचे पुस्तक), १६०४–०५ चा दुसरा क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ (मोठ्या आकाराचा नाट्यसंग्रह). चौथ्या अंकात वेडी ऑफेलिया पहिल्यांदा आत येते त्या जागेची रंगसूचना तिन्हींत निराळी आहे. दुसऱ्या क्वार्टोत ती नुसती प्रवेश करते. फोलिओत ती भ्रमिष्ट अवस्थेत प्रवेश करते. पहिल्या क्वार्टोत मात्र ती केस मोकळे सोडून, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत, गात येते.

हा पहिला क्वार्टो लहान आहे, ठिकठिकाणी मोडकातोडका आहे आणि त्याच्या दोनच प्रती आज शिल्लक आहेत. परंतु कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला प्रयोग या एका ओळीत उतरला असावा, असे मला राहून राहून वाटते. मोकळे केस हा त्या काळच्या इंग्लिश रंगभूमीवरचा वेडाचा सांकेतिक वेश होता. नाटककार किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'तील वेड्या झालेल्या हिएरोनिमोपासून प्रेक्षकाला वेड पाहण्याची सवय आणि गोडी लागलेली होती, इतकी की १६०२ मध्ये ते नाटक पुन्हा छापताना त्यात वेडाचे जादा प्रवेश घातले गेले.

आम्ही दुसरा क्वार्टो आधाराला घेतला आहे, आणि त्याचे कारण एक अनामिक दरबारी आहे. चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ऑफेलिया येण्यापूर्वी तिचे वर्णन करणारा हा गृहस्थ फोलिओत गायब आहे आणि त्याची वाक्ये हॅम्लेटचा मित्र होरेशिओ याला दिलेली आहेत. मला तो वेगळा हवा आहे. का हवा आहे, हे नेमके सांगता आले नाही, म्हणून दिग्दर्शकांनी तो तात्पुरता मंजूर केला.

१२ जून

हॅम्लेट वेडाचे सोंग का घेतो, या प्रश्नावर दोन तास गेले. मूळ कथेत उत्तर सरळ आहे. साक्सो ग्रामाटिकस या डेन्मार्कच्या इतिहासकाराने सांगितलेल्या कथेतील अम्लेथच्या बापाचा खून सर्वांना ठाऊक आहे. खुनी चुलता गादीवर आहे, आणि मुलगा शहाणा निघाला तर तोही मारला जाणार, हे उघड आहे. म्हणून अम्लेथ अंगाला घाण फासतो, चुलीजवळ बसून लाकडाचे आकडे तासतो आणि विचारले तर बापाचा सूड घ्यायला तासतो आहे असे खरेच सांगून टाकतो, लोक हसतात. आपल्याकडे ज्याला वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात, त्याचा हा शुद्ध नमुना आहे.

शेक्सपिअरने मात्र चुलता क्लॉडियस याने केलेला हा खून गुप्त ठेवला. तो फक्त बापाच्या भुताने सांगितला आणि हॅम्लेटने ऐकला. म्हणजे हॅम्लेट गप्प राहिला असता तर त्याच्यावर कुणाचा संशय येण्याचे कारणच नव्हते, आणि संरक्षणासाठी घेतलेले सोंगच त्याच्यावर सगळ्या दरबाराची नजर वळवते. या बदलामुळे सोंगाचे व्यावहारिक कारण नाहीसे होते आणि ते का घेतले, हा प्रश्न नाटकभर उघडा राहतो.

'पेडगाव'चा वाक्प्रचार संहितेत घालण्याचा मोह अनावर झाला. हॅम्लेटच्या तोंडी तो घालता येत नाही. त्याने तसे म्हटले की त्याचे सोंग शंभर टक्के सोंग ठरते आणि प्रश्न मिटतो. मात्र तिसऱ्या अंकात गिल्डनस्टर्न राजाला सांगतो की राजपुत्र धूर्त वेडाच्या आडून आम्हांला दूर ठेवतो. तिथे ही म्हण चपखल बसली. चुगलखोर मित्राच्या तोंडी ती शोभतेही.

१९ जून

आज वेडासाठी असलेल्या मराठी शब्दांची यादी केली : वेड, खूळ, पिसे, भ्रम, उन्माद, चित्तभ्रम, विक्षिप्तपणा, डोके फिरणे. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र 'वेड' हाच शब्द वापरला होता, आणि ती चूक होती. ऑफेलियाचा बाप पोलोनियस याला मुलीच्या प्रेमाने हॅम्लेटला लागलेले 'पिसे' दिसते, राजा क्लॉडियसला त्यात 'धोका' दिसतो, राणी गर्ट्रूडला मुलाचा 'बिघाड' दिसतो. शब्द बोलणाऱ्याप्रमाणे बदलले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने ध्यानात आली. हॅम्लेटचे वेड प्रथम प्रकट होते ते आपल्यासमोर नाही. ऑफेलिया धावत येऊन बापाला सांगते की तो माझ्या खोलीत आला, अंगरखा उघडा, डोक्यावर टोपी नाही, मळके मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, आणि माझे मनगट धरून कितीतरी वेळ चेहरा न्याहाळून काही न बोलता गेला. तिचे सांगणे पुरते होण्याआधीच बापाचे निदान तयार होते : तुझ्या प्रेमाने वेडा झाला का? ती म्हणते, मला माहीत नाही, पण भीती वाटते खरी. बाप तिचे 'माहीत नाही' ऐकतच नाही. तो उठतो आणि राजाकडे जातो. पहिल्या वाचनात आम्ही हा प्रवेश माहितीवजा म्हणून भराभर वाचला होता. आता तो संथ वाचायचा, असे ठरले.

२८ जून

मराठी रंगभूमीचा इतिहास या प्रकल्पाला जोडू नये, असे मी ठरवले होते, परंतु एक गोष्ट टिपणांत घेतल्यावाचून राहवले नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले 'हॅम्लेट'चे मराठी रूप 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी टीका 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी केली होती. दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुरावा म्हणून पुढे आलेली पत्रे बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. चौथे शिवाजी १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला पहाऱ्यात असतानाच वारले.

या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे घाईचे होईल. तरीही, राजपुत्राला वेडे कोण ठरवते आणि ठरवल्यावर त्याच्यावर पहारा कोण बसवते, या प्रश्नापायी ज्याने तुरुंग पाहिला, त्याच्याच लेखणीखालून क्लॉडियसची 'थोरांचे वेड नजरेआड होऊ देता कामा नये' या अर्थाची ओळ गेली, हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. 'विकार' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आगरकरांच्या शीर्षकात तो मनातील प्रबळ भावना या अर्थाने आला आहे. आज आपण तो आजारासाठी वापरतो. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटचा, म्हणजे मराठीतील चंद्रसेनाचा, जो दरारा निर्माण केला त्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. नायिकेच्या भूमिका बळवंतराव जोग करीत. ऑफेलिया पुरुषाने करणे ही गोष्ट मुळात लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाचीच, तिथेही ती किशोरवयीन नटानेच केली.

५ जुलै

गद्य-पद्याचा प्रश्न सुटला. हॅम्लेट सोंगात असला की बहुधा गद्यात बोलतो, एकटा असला की पद्यात. ऑफेलिया शुद्धीवर असताना पद्यात आणि नंतर गद्यात व गाण्यांत. मराठीत पद्यासाठी लयीचा मुक्तछंद आणि गद्यासाठी साधी बोली वापरली आहे. वाचणाऱ्यांना फरक कळला, ऐकणाऱ्यांना अजून कळत नाही.

१४ जुलै

आजची तालीम प्रकल्पाला वळण देणारी ठरली, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑफेलिया वाचणाऱ्या अभिनेत्रीने स्वतःची तयारी करून आणली होती. नजर भिरभिरती, मान एका बाजूला कललेली, वाक्याच्या मध्येच हसणे, बोटांचा चाळा. तिने ते मन लावून केले आणि अभिनय म्हणून ते वाईट नव्हते, पण पाच मिनिटांतच सगळे जण तिच्याकडे पाहू लागले आणि ती काय म्हणते आहे ते ऐकणे थांबले. दिग्दर्शकांनी तिला तेच अगदी स्थिर बसून, एखादी मुलगी निरोप सांगायला आली आहे अशा सुरात वाचायला सांगितले. त्यानंतर जे ऐकू आले ते मी आधी चार वेळा भाषांतर करूनही ऐकले नव्हते.

ती म्हणते, घुबड म्हणजे पूर्वी भटारखान्यातल्या रोटीवाल्याची मुलगी होती असे सांगतात. आपण काय आहोत ते आपल्याला कळते, पण काय होऊ ते कळत नाही. क्लॉडियस ताबडतोब म्हणतो, बापाचे दुःख बोलते आहे. त्यावर ती जे म्हणते ते मी असे केले आहे : "याविषयी आता काही बोलायचे नाही. पण अर्थ काय म्हणून कुणी विचारलेच, तर हे सांगा." आणि ती व्हॅलेंटाइनच्या दिवसाचे गाणे म्हणते, ज्यात एक मुलगी पहाटे प्रियकराच्या दाराशी येते, आत जाते, आणि बाहेर येताना ती आधीची मुलगी राहिलेली नसते. म्हणजे राजाने लावलेला अर्थ तिने त्याच्या तोंडावर नाकारला आहे आणि दुसरा अर्थ पुढे ठेवला आहे. राजा काय करतो? ती जाताच म्हणतो, हे सगळे बापाच्या मृत्यूतून उद्भवलेले खोल दुःखाचे विष आहे. त्याने मधले गाणे ऐकलेच नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवले. बापाचे दुःख त्याला सोयीचे आहे. गाण्यातली फसवणूक ज्या घराकडे बोट दाखवते ते घर त्याचेच आहे.

आणि इथे माझा तो अनामिक दरबारी कामाला आला. ऑफेलिया येण्याआधी तो राणीला सांगतो की तिच्या बोलण्यात तसे काही नाही, पण त्याच्या विस्कळीतपणामुळेच ऐकणारे जुळवाजुळव करू लागतात आणि आपापल्या विचारांच्या मापाने तिच्या शब्दांना ठिगळे लावतात. राणी तिला भेटायला तयार नसते. भेट होते ती करुणेने नाही, तर ही मुलगी वाईट मनांत भलते तर्क पेरील या भीतीने. पोलोनियसने पहिल्या दिवशी मुलीच्या शब्दांना असेच ठिगळ लावले होते. आता तो मेला आहे, आणि तेच काम राजा करतो आहे.

दिग्दर्शकांनी अभिनेत्रीला सांगितले, "तू काही करू नकोस, बाकीच्यांना करू दे." ती थोडी हिरमुसली. घरी जाताना मला म्हणाली, "ताई, मग मी महिनाभर जे बसवलं ते वाया गेलं का?" मी हो म्हणाले नाही, पण तिला ते कळले असावे.

१५ जुलै

काल रात्री झोप आली नाही, म्हणून तिसऱ्या अंकातील शयनगृहाचा प्रवेश पुन्हा काढला. राणीला न दिसणाऱ्या भुताशी बोलून झाल्यावर हॅम्लेट स्वतःच्या शहाणपणाचा पुरावा देतो : माझी नाडी पहा, तुझ्यासारखीच संथ चालते आहे, आणि मी आत्ता जे म्हणालो ते मला पुन्हा म्हणायला लाव, मी शब्द न चुकता मुद्दा सांगेन, वेडा असतो तर त्यापासून उड्या मारत दूर गेलो असतो. वेड ओळखण्याची कसोटी सबंध नाटकात एवढी नेमकी दुसरीकडे कुठेही मांडलेली नाही.

ही कसोटी ऑफेलियाला लावून पाहिली. तिच्या दोन्ही प्रवेशांतील गाणी ओळीने लिहून काढली. आरंभी शिंपल्याची टोपी घातलेल्या यात्रेकरू प्रियकराचे गाणे, जे लगेच डोक्याशी हिरवळ आणि पायाशी दगड असलेल्या मृताचे होते. मग फसलेल्या मुलीचे. दुसऱ्या प्रवेशात उघड्या चेहऱ्याने तिरडीवर नेलेल्या माणसाचे. शेवटी परत न येणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचे. मेलेला बाप आणि सोडून गेलेला प्रियकर या दोन गोष्टींपासून ती एकदाही दूर गेलेली नाही. तिचा भाऊ लेअर्टीस याला हे अंधुक कळते. विचार आणि आठवण एकमेकांशी जुळलेली आहेत, असे तो म्हणतो. हॅम्लेटच्या कसोटीने ती उत्तीर्ण होते. खुद्द हॅम्लेट त्याच प्रवेशात पडद्याआडच्या पोलोनियसला न पाहता भोसकून, त्याच्या प्रेतासमोर आईला तासभर उपदेश करतो.

खोटे वेड आणि खरे वेड समोरासमोर ठेवण्याची आमची ३ जूनची मांडणी यापुढे टिकणार नाही, असे मी दिग्दर्शकांना लिहून कळवले. ऑफेलिया शहाणी आहे असे माझे म्हणणे नाही. तिची हानी खरी आहे आणि ती त्यातच मरते. पण तिचे बोलणे निरर्थक आहे हा निर्णय दरबाराचा आहे, नाटकाचा नाही.

२१ जुलै

गटातील एकाने मनोरुग्णालय पाहून यावे, म्हणजे वास्तव कळेल, असे सुचवले. या सूचनेला मोठा इतिहास आहे. १८७८ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात नट हेन्री आयर्विंगसमोर ऑफेलिया करण्यापूर्वी नटी एलन टेरी असेच एक मनोरुग्णालय पाहून आली, आणि तिथल्या बायका तिला फार नाटकी वाटल्या, असे तिने आठवणींत लिहून ठेवले आहे. तिला वेडाच्या प्रवेशात काळा पोशाख हवा होता. या नाटकात काळ्या कपड्यांत एकच माणूस असतो, तो म्हणजे हॅम्लेट, असे सांगून तिला पांढरा घालायला लावले. त्याच्याही पंचवीस-एक वर्षे आधी, सरे परगण्याच्या मनोरुग्णालयातील डॉक्टर ह्यू डायमंड तिथल्या स्त्री-रुग्णांची छायाचित्रे घेत असे आणि त्यांतल्या एकीच्या डोक्यावर त्याने पानाफुलांचे वेटोळे चढवले होते. चित्रकार मिलेने ऑफेलियाचे प्रसिद्ध चित्र रंगवले तो काळही हाच, १८५१–५२. म्हणजे नटी रुग्णांकडे ऑफेलिया शोधायला जात होती आणि डॉक्टर रुग्णांना ऑफेलियासारखे सजवत होता. या साखळीत आणखी एक कडी होण्याची माझी इच्छा नाही. सूचना मतास टाकली, पडली.

२ ऑगस्ट

फुलांचा प्रवेश. कोणते फूल कोणाच्या हाती द्यायचे याची सूचना जुन्या प्रतींत नाही. संपादक आपापल्या तर्काने वाटप करतात. आम्हांला त्याहून जवळची अडचण आली. तालमीत "ही बडीशेप तुम्हांला" हे वाक्य आले आणि राजा वाचणारा नट म्हणाला, "जेवणं झाली वाटतं." त्यानंतर दहा मिनिटे कुणालाही गंभीरपणे वाचता आले नाही. खुशामतीचे चिन्ह असलेली ही वनस्पती आपल्याकडे थेट पानाच्या ताटाशेजारी येऊन बसते. शेवटी "हा बडीशेपेचा पिवळा तुरा" असे केले. तुरा म्हटले की डोळ्यांसमोर झाड येते, बशी येत नाही.

याउलट एक शब्द आपणहून हाती लागला. मूळ नाटकातील जी कडू वनस्पती खेदाचे चिन्ह म्हणून येते, तिला मराठीत सताप म्हणतात. इंग्रजीत त्या वनस्पतीचे नाव आणि खेद या अर्थाचा शब्द एकच आहे, म्हणून मला तो श्लेष गमावल्याची हळहळ वाटत होती. आणि मग 'सताप' मोठ्याने म्हटल्यावर त्यामागून 'पश्चात्ताप' ऐकू आला. संहितेत मी ओळ अशी ठेवली आहे : "हा सताप तुम्हांला. थोडा माझ्यासाठी. रविवारी याला कृपेचे रोप म्हणायचे. तुम्ही तुमचा निराळा खोवा हं." 'पश्चात्ताप' हा शब्द कुठेही उच्चारलेला नाही. दिग्दर्शक म्हणाले, प्रेक्षकाला कळणार नाही, एकदा तरी म्हणून टाक. मी नकार दिला.

व्हायोलेट फुलांच्या ओळीत 'वडील वारले तेव्हा' हे अभिनेत्रीने 'बाबा गेले तेव्हा' असे वाचले आणि तसेच कायम केले.

नटांपैकी एकाच्या आजीकडे कुंडीत सताप आहे. प्रयोगात त्याचीच एक डहाळी खरी असेल, बाकीची फुले रिकाम्या हातांनी वाटायची. पाने चुरगळली की उग्र वास येतो आणि तो पहिल्या दोन रांगांपर्यंत जातो, हे मोजून पाहिले.

९ ऑगस्ट

गर्ट्रूडचे बुडण्याचे वर्णन. ओढ्यावर वाकलेली विलोची फांदी, ती मोडते, फुगलेल्या कपड्यांवर मुलगी काही काळ तरंगत जुनी गाणी गात राहते, मग कपडे पाणी पिऊन जड होतात. क्लॉडियसने तिच्यावर नीट नजर ठेवा असे सांगितले होते. इतके बारीक पाहणारे कुणीतरी काठावर होते आणि त्याने हात पुढे केला नाही, हे शब्द स्वच्छ सांगतात. राणी वाचणाऱ्या नटीला तो विचार मनात ठेवून, पण सुरात न आणता वाचायला सांगितले आहे. हॅम्लेटचे वेड ऑफेलियाने सांगितलेल्या दृश्याने सुरू झाले होते. तिचे वेड राणीने सांगितलेल्या दृश्याने संपते. कपात करताना या दोन भाषणांतील एकही ओळ काढायची नाही, असे संहितेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

१८ ऑगस्ट

काल अभिवाचन झाले. वेळ ५४ मिनिटे, चार मिनिटे जास्त. बडीशेपेला कुणी हसले नाही. ऑफेलिया जवळजवळ न हलता वाचत होती आणि तिच्यासमोरचे पाच जण खुर्च्यांत चुळबुळत होते, हे मला विंगेतून दिसत होते.

नंतर चहाच्या वेळी प्रेक्षकांपैकी एका निवृत्त प्राध्यापकांनी 'पश्चात्ताप' या शब्दाची योजना आवडल्याचे सांगितले. मी तो शब्द संहितेत नसल्याचे म्हटले तेव्हा त्यांनी तो स्पष्ट ऐकल्याचे ठासून सांगितले. त्यांच्या शेजारच्या बाईंना 'संताप' ऐकू आला होता आणि राजाकडे पाहत तो म्हटला गेल्यामुळे त्यांना तो योग्यही वाटला होता. मागच्या रांगेतील एका मुलाने मुलीला ताप भरला होता का, असे विचारले. ओळ बदलावी का, असे दिग्दर्शकांनी विचारले असता बदलू नये असे मी सांगितले. पुढचे वाचन ७ सप्टेंबरला आहे. तोवर आजींच्या कुंडीतील रोपाला नवी पाने यायला हवीत, कारण कालची डहाळी अभिनेत्रीने पूर्ण चुरगळून टाकली.